भाठ्यावरची सहल

बडोद्याच्या उदयसिंहरावांनी सत्त्याण्णव साली नोकरी सोडली आणि महीच्या मुखाजवळच्या कांठपुऱ्यात शहरातल्या लोकांच्या सहली न्यायला सुरुवात केली. ओहोटीला नदीचं पात्र दूरवर उघडं पडायचं. ओल्या वाळूतून, चिखलातून चालत मधल्या भाठ्यावर, म्हणजे वाळूच्या उंचवट्यावर जायचं, नाश्ता करायचा आणि भरतीच्या आत काठावर परतायचं. बस, एवढंच.

पण तेवढ्याने गाव उठून उभं राहिलं. करजणला मजुरीला गेलेली माणसं परतली. बायका पाहुण्यांना रोटला-शाक वाढू लागल्या, घरांच्या माड्या भाड्याने जाऊ लागल्या. उदयसिंहरावांची पत्नी संयोगिता गावातून निघाली की दारादारांतून "आवो बेन" अशी हाक यायची.

अमावास्या-पौर्णिमेला मात्र कुणी पात्रात उतरत नसे. त्या दिवशी भरती चढत नाही, धावून येते. माणसाएवढी पाण्याची भिंत.

एकदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एक मंडळी भाठ्यावर फोटो काढत रेंगाळली. मागून घरघर ऐकू आली तेव्हा सगळे जिवाच्या आकांताने पळत सुटले. शेवटच्या मुलीला कंबरभर पाण्यातून ओढून काढावं लागलं. संयोगिताला वाटलं, संपलं आता हे सगळं. झालं उलटंच. बडोद्याहून फोनवर फोन येऊ लागले, "आम्हालाही ती भिंत बघायचीय. पौर्णिमेलाच न्या."

"कोई वांधो नथी," सरपंच रमणभाई लगेच म्हणाले.

"अहो, तुम्ही तरी नाही म्हणा," संयोगिता नवऱ्याला म्हणाली.

"दिसली की लगेच निघायचं. सगळ्यांच्या मागे मी असेन ना."

"त्या चिखलात पळता येत नाही, तुम्हीच सांगायचात."

उदयसिंहराव तिच्याकडे न बघता बुटांच्या नाड्या आवळत राहिले.

पौर्णिमेला दोन बस भरून माणसं आली. पात्रात उतरायला एकच उतार होता. संयोगिताने त्यावर जीप आडवी लावली आणि काचा चढवून आत बसून राहिली. कुणी रागावलं नाही. रमणभाईंनी हसून खूण केली. गावातल्या पुरुषांनी चहूबाजूंनी हात घातले आणि तिच्यासकट जीप उचलून कडेला ठेवली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीने काचेबाहेर चहाचा कप धरला.

मंडळी गाणी म्हणत उतरली. उदयसिंहराव सर्वांत मागे.

त्या दिवशी वारा समुद्रावरून होता, त्यामुळे भरती वेळेआधीच आली. पाहुणे भाठ्यावर पोचतात न पोचतात तोच पश्चिमेकडून पक्षी एकदम उठले. मग क्षितिजावर एक पांढरी रेघ दिसली. संयोगिताने हॉर्न दाबून धरला. भाठ्यावरच्या लोकांना वाटलं, ती निरोप देतेय. त्यांनी हात हलवले.

रेघ जाड होत गेली, तेव्हा कुठे ते पळू लागले. बहुतेक जण काठाला लागले, गावकऱ्यांनी दोर टाकून त्यांना वर ओढलं. पाच जण आले नाहीत. त्यांत उदयसिंहराव होते.

पाणी उतरल्यावर होड्या निघाल्या. संयोगिता पहिल्या होडीत बसली. भाठा जिथे होता तिथे नुसता खोल, गढूळ प्रवाह वाहत होता.