पत्र्याच्या शेडचा आकडा

मित्रांनो, मी लातूरच्या एका भाड्याच्या खोलीत राहणारा जुना, काळा लॅपटॉप आहे. माझ्या पाठीवर एका स्क्रूभोवती ओरखडे आहेत. ते कसे उमटले हे आठवले, की आजही माझा पंखा थरथरतो.

एका कचेरीत चार वर्षे राबून मी नांदेडला बिलालभाईंच्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानात आलो. तेथून तारामतीबाईंनी मला लेकीसाठी घेतले. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तनुजाची ही दुसरी खेप. शिकवणीच्या साऱ्या नोट्स, आकृत्या तिने माझ्यात उतरवल्या. ‘माझं दप्तर’ म्हणून ती माझे कौतुक करी. पण नोट्सशेजारी हळूहळू चित्रपटही जमले. तेव्हा आईने मला पुन्हा बिलालभाईंकडे नेले आणि तीन महिन्यांसाठी कुलूप घालून घेतले. सुरू होण्याआधीच, काळ्या पडद्यावर आकडे मागणारे कुलूप! आणि या बाई त्र्याण्णवच्या भूकंपापासून स्वतःच्या दाराला कधी कडी लावत नसत.

परीक्षेला बारा दिवस उरले, तेव्हा उजळणीसाठी मला ट्रंकेतून काढले. आईने आकडे दाबले. चूक. पुन्हा चूक. तिसऱ्या चुकीला मी आपोआप विझलो. उत्तर मला ठाऊक होते, मित्रांनो; पण ते सांगण्याची मुभा मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही नांदेड गाठले.

“मावशी, आकडे तुम्हीच टाकले,” बिलालभाई म्हणाले. “मी तर तोंड फिरवून बसलो होतो.”

“एवढं शानपन कशाला केलंस रे बाबा? चोरून बघायचं व्हतंस!”

“आता बोर्ड बदलावा लागेल. पण नोट्स साठवल्यात त्या डिस्कलाही तेच कुलूप हाय. आतलं काहीच हाती लागणार न्हाई.”

तनुजाने माझ्या झाकणावर हात ठेवला. पेचकस माझ्या पाठीला टेकला. ओरखडे उमटवत पहिला स्क्रू निघाला.

“थांबा, भाई,” ती म्हणाली. “आई, काय टाकलं व्हतंस?”

“गावच्या घराचा नंबर, चौसष्ट, अन् तुझी जन्मतारीख. धा बारी टाकलं की!”

“पण मी त्या घरात कुठं जन्मले?”

आई अगदी हळू म्हणाली, “तू शेडमधी झालीस. भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमधी. पत्रा वाजला की तुला उराशी धरून भाईर पळायची मी. त्याचाच नंबर टाकला व्हता, कुणाला सुचू न्हाई म्हणून. मलाच तो आठवू वाटंना; बोट आपलं चौसष्टवरच जायचं.”

“सांगू नको. नुसता दाब.”

बिलालभाईंनी पुन्हा तोंड फिरवले. आईचे बोट माझ्यावर उतरले. दोन, एक, सात. मग लेकीची जन्मतारीख. मी उजळलो.

आता मला कुलूप नाही. उजळणी चालू असताना माझा पंखा घुमतो, टेबल थरथरते आणि आई दचकून उठते. “काही न्हाई आई, ह्याचा पंखा हाय,” तनुजा सांगते.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला उन्हापासून जपा. आणि भीतीवर कुलूप घालायचेच असेल, तर त्याचा आकडा आपल्या एखाद्या माणसाला सांगून ठेवा.