सतराचा पाढा

शाळा कुठं बांधावी याला काही धरबंध असतो की नाही? डिंगोऱ्याच्या त्या वस्तीवर जागा फुकट मिळाली म्हणून शाळा बांधली ती नेमकी नदीच्या वाटेवर, आणि ती वाट स्मशानाची. पटांगणासमोरच चिंचेखाली विसाव्याचा दगड. वस्तीतलं कोणी गेलं की तिरडी तिथं घटकाभर खाली ठेवायची, दिशा फिरवायची, खांदे बदलायचे. बायांनी तिथूनच माघारी वळायचं आणि पुरुषांनी पुढं नदीवर जायचं, अशी जुनी रीत.

शाळेतल्या इंद्रायणीबाईंनी त्यावर आपला उपाय काढला होता. लांबून टाळ ऐकू आले की त्या खिडकी लावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘चला, पाढे. मोठ्यानं.’’ चारही वर्गांची पोरं एकाच खोलीत. ती बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली की बाहेरचं काही आत येत नसे. ‘‘पोरांना पत्तासुद्धा लागत नाही,’’ असं बाई कौतुकानं सांगायच्या. सांगणारच, त्यांच्या डोक्यातून निघालेली युक्ती होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. शाळा भरायच्या आधीच साळुबाई दारात येऊन उभी राहिली. डोळे कोरडे, पदर तेवढा तोंडाला लावलेला.

‘‘लंका गेली, बाई. पहाटं.’’

लंका म्हणजे तिची सून. चौथीतल्या स्नेहलची आई. काविळीनं पुण्याच्या दवाखान्यात पडून होती, पण उतार पडतोय असंच सगळे म्हणत होते.

‘‘स्नेहलला सांगितलं?’’

‘‘न्हाई. वस्तीत बी अजून कुनाला बोलले न्हाई. ती चुलतीकडं, धोंडाबाईकडं झोपली व्हती, तिथनंच शाळंत येईल. तिचा बाप रामनाथ तिकडनं जीप घिऊन निघालाय, दुपारपतूर यील. पर लंकाच्या म्हायेरची मानसं आण्यावरनं यायची, ती आल्याबिगर उचलायचं न्हाई. तवर पोर घरात कशी ठिवू? लई हळवी हाय, धसका घेईल. तुमी तिला गुतवून ठेवा. न्यायच्या आधी धाकल्या लेकाला, भरतला पाठवते. मंग आईचं तोंड बघंल ती.’’

‘‘साळुबाई, हे मला नाही जमायचं.’’

‘‘तुमाला न्हाई जमायचं तर कुनाला जमंल?’’ म्हातारीनं त्यांचे दोन्ही हात धरले. ‘‘येवढा दीस काढा, बाई. कळू दिऊ नका.’’

हात धरल्यावर माणूस काय बोलणार? बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि साळुबाई पाठमोरी झाल्यावर खुर्चीत मटकन बसल्या. दुसरे गुरुजी तालुक्याला, ट्रेनिंगला. मास्तर शाळेत असलेला सरकारला बघवतच नाही, त्याला कोण काय करणार! सगळा दिवस एकटीच्या अंगावर.

त्यांनी आदल्या दिवशी काढलेलं टाचण उघडलं. तिसरी-चौथीला आज ‘आपलं कुटुंब’. तो धडा गेला. पहिलीचा तक्ता उलगडला, तर अ अननसाचा, आ आईचा. साडीचोळीतली आई बाईंकडं बघून हसत होती. तक्ता गुंडाळला. मराठीला कविता घ्यावी, तर कवितेत आई. बरं, गणितात तरी सुटका व्हावी? तिथंही आईच लाडू करते आणि आईच ते मुलांत सारखे वाटते. इतकी वर्षं बाईंनी हीच पुस्तकं शिकवली, पण त्यांत एवढ्या आया आहेत हे कधी त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना रडू फुटलं. पण दहा मिनिटांत पोरं येणार होती, तेव्हा डोळे पुसून त्यांनी सगळा दिवस नव्यानं आखायला घेतला.

आधी नकाशा. मग गणित, त्यात लाडू वाटणारा दुकानदार. दुपारच्या सुट्टीत एकही पोर घरी जाता कामा नये, नाहीतर बातमी घेऊनच परत येईल. तेव्हा शाळेतच भेळ. जेवणानंतर मातीकाम. मग खेळ, पण मागच्या अंगणात, वाटेच्या बाजूला नाही. शेवटी गोष्ट, ती भरतची चाहूल लागेपर्यंत लांबवायची. आणि प्रत्येक तासाला स्नेहलच्या हाताला काही ना काही काम. रिकामं बसलं की पोर विचार करतं.

स्नेहल आली. दोन वेण्या, एक वर एक खाली. चुलतीनं घातलेल्या दिसत होत्या. बाईंनी तिच्या हातात घंटेचा लोखंडी बोल्ट दिला.

‘‘आजच्या सगळ्या घंटा तुझ्या.’’

‘‘सगळ्या? शाळा सुटायची पन?’’

‘‘ती पण.’’

शाळेची घंटा म्हणजे छताला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवायचा मान मोठ्या पोरांचा, स्नेहलच्या वाट्याला कधी आलेला नव्हता. तिनं असा काही टोल हाणला की चिंचेवरचे कावळे उडाले. मग बोल्ट कमरेच्या नाडीत खोचून ती ऐटीत वर्गात आली.

पुणे जिल्ह्याच्या नकाशावर जुन्नर तिनं दाखवलं, आंबेगाव तिनं दाखवलं. आळेफाटा सापडला, पण त्याच्या पुढं पठारावरचं आणे काही नकाशात नव्हतं. ‘‘आसं कसं?’’ म्हणत तिनं खडूनं स्वतःच एक टिंब काढलं. ‘‘ह्ये माज्या मामाचं गाव. हितनं मामा येतो, ह्या रस्त्यानं.’’ तिचं बोट आळेफाट्यावरून ओतूरकडं सरकत आलं. त्याच रस्त्यानं त्या घटकेला सावळेराम मामा येत होता. बाई फळा पुसायला वळल्या.

भेळेचं तर विचारूच नका. दुकानातून चुरमुरे आणले, कांदे आणले, पेपरावर ढीग केला आणि सगळा कारभार स्नेहलकडं. पहिलीतल्या ऋषीनं पैज मारून आख्खी मिरची खाल्ली आणि ‘हा हू’ करत पटांगणाला फेऱ्या घालू लागला, तशी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. बाई तिच्या पाठीवर थापट्या मारत होत्या. हाताखाली तो एवढासा पाठीचा कणा लागत होता, हसून हसून हलत होता. आपण हे काय करतोय, असं बाईंच्या मनात आलं. पण शब्द दिला होता.

‘‘बाई, आज लई मज्जा येतीये,’’ डोळे पुसत स्नेहल म्हणाली. ‘‘रोज आसंच का न्हाई करत?’’

दुपार कलली. मातीचे बैल झाले, चुली झाल्या, खेळून पोरं घामाघूम झाली. जीप येऊन गेली असणार. वस्तीच्या बाजूनं मधूनच रडण्याचा आवाज येई आणि बाई आपला आवाज चढवीत. भरतचा पत्ता नव्हता. बाईंनी गोष्टीला सुरुवात केली. राजाला त्यांनी तीन वेळा शिकारीला पाठवलं, दोन वेळा आजारी पाडलं, तरी भरत येईना.

आणि टाळ ऐकू आले.

बाईंनी खिडकीतून पाहिलं. वाटेच्या वळणावर माणसं दिसली, पुढं मडकं धरलेला रामनाथ. भरत खांदा देत होता. मग पोरीला न्यायला कोण येणार होतं? आणि इतक्या वर्षांची सवय, ती काय विचारून थोडीच येते? त्यांनी खिडकी लावली.

‘‘चला, सतराचा पाढा. मोठ्यानं. स्नेहल, पुढं ये, तू सांग.’’

राजा शिकारीच्या रानातच राहिला. स्नेहल वर्गापुढं उभी राहिली.

‘‘सतरा एके सतरा,’’ ती म्हणाली.

‘‘सतरा एके सतरा,’’ पोरं ओरडली.

‘‘सतरा दुणे चौतीस.’’

तेवढ्यात पुढच्या रांगेतून ऋषीनं विचारलं, ‘‘बाई, कोन मेलं?’’

अगदी साधेपणानं विचारलं, पाणी प्यायला जाऊ का असं विचारावं तसं. आणि एकाही पोरानं त्याच्याकडं चमकून पाहिलं नाही. बाईंना तेव्हा उमगलं, की अवेळी पाढे म्हणजे तिरडी, हे शाळेतल्या शेंबड्या पोरालाही पहिल्यापासून ठाऊक होतं. पत्ता लागत नव्हता तो बाईंनाच.

‘‘सतरा त्रिक एक्कावन्न,’’ स्नेहल म्हणाली. आवाज हळू झाला होता. वस्तीत आजारी कोण आहे याचा ती विचार करत असावी. तिनं बाईंकडं पाहिलं. एरवी पाढे चालू असताना बाई खिडकीकडं बघत उभ्या असत. आज त्या तिच्याकडं बघत होत्या.

‘‘सतरा चोक...’’

पुढचं ती बोलली नाही. सरळ दाराकडं चालू लागली. बाईंनी तिला धरायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मग त्याही तिच्या पाठोपाठ निघाल्या.

चिंचेपाशी पोचेपर्यंत विसावा होऊन तिरडी उचललेली होती. साळुबाईनं नातीला पाहिलं आणि भरतवर ओरडली, ‘‘आरं, तू गेला न्हाईस व्हय शाळंत?’’

‘‘मला वाटलं दादानं कुनाला धाडलं,’’ भरत म्हणाला.

‘‘पोरीची भेट झाली म्हनला व्हता तुमी,’’ सावळेराम मामा म्हणाला.

विसाव्यावरून एकदा उचललेली तिरडी पुन्हा खाली ठेवत नाहीत. स्नेहल खाली उभी, चेहरा वर करून. तिला फक्त बांबू दिसत होते आणि हिरव्या लुगड्याचा काठ. ती टाचा उंच करून बघू लागली. ते मात्र इंद्रायणीबाईंना बघवेना. त्या पुढं झाल्या, पोरीच्या कमरेला मिठी घातली आणि तिला उचललं. नऊ-दहा वर्षांची पोर ती, बाई अंगानं किरकोळ. पण उचललं, पार खांद्याच्या वर. माणसं थांबली. टाळही थांबले.

स्नेहलनं आईचं तोंड पाहिलं. कपाळभर मळवट, गालफडं बसलेली, हळदीसारखा पिवळा रंग. तिनं हात लांबवून आईच्या कपाळावरचे केस मागं सारले. ती ‘उतरवा’ म्हणेपर्यंत बाईंनी तिला खाली घेतलं नाही.

पुरुष नदीकडं गेले. बाया माघारी वळू लागल्या. स्नेहल तिथंच उभी राहिली.

‘‘बाई, तुमाला सकाळपास्नं म्हाईत व्हतं?’’

‘‘हो.’’

‘‘म्हनून आज समदं मलाच करू दिलं?’’

दिवसभर बाईंनी एवढं रचलं होतं, आता एक शब्द रचता येईना. ‘‘हो गं बाळा,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मी लई हसले, बाई,’’ स्नेहल म्हणाली. तिनं कमरेचा बोल्ट काढून बाईंच्या हातात दिला आणि आजीबरोबर घराकडं गेली.

खोलीत पोरं अजून पाढा म्हणत होती. सांगायला पुढं कोणी नव्हतं, म्हणून सतरा चोक अडुसष्टपाशी येऊन पुन्हा सतरा एके सतरावर जात होती. शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती. बाई बोल्ट हातात धरून त्या रुळाच्या तुकड्याखाली उभ्या राहिल्या, आणि त्यांना काही केल्या घंटा वाजवता येईना.