सड्यावरची हाक

मार्गशीर्षातला सडा. पावसाळ्यात पाचूसारखा लखलखणारा तो विस्तीर्ण जांभा कातळ आता सुवर्णशुष्क झाला होता. गुडघाभर गवतावर ऊन पिवळ्या रेशमासारखे पसरले होते. वारा आला की सारा माळ एकदम पश्चिमेला झुके, जणू कुणी अदृश्य माणूस गवतावरून हात फिरवीत समुद्राकडे निघाला आहे; आणि वारा थांबला की तोही थांबून मागे वळून पाहतो आहे.

त्या माळावर शुक्रवारी दुपारी तंबू उगवले. निळे, केशरी, पोपटी. शहराशहरांतून दोन हजार तरुण माणसे आली. मध्यभागी मांडव उभा राहिला आणि त्याच्या दोन्ही अंगांना माणसाहून उंच, कृष्णवर्ण, जाळीच्या तोंडाच्या पेट्या. तीन दिवस इथे यंत्रांचे संगीत वाजायचे होते. पायथ्याच्या गावाला त्या संगीताचे नाव उच्चारता येईना. गाव आपले ‘पेट्यांची जत्रा’ म्हणू लागले.

सुगंधा पाष्टे त्या जत्रेत बचत गटाच्या बायकांबरोबर घावने आणि कोकम सरबत विकायला बसली होती. चाळिशी ओलांडलेली, सावळी, मितभाषी. तिचे माहेर या सड्याच्या पायथ्याशी, सासर नदीपलीकडे. गेल्या आषाढात तिची आई गेली. निरोप मिळाला तेव्हा नदी दुथडी भरून वाहत होती, पूल पाण्याखाली होता. तिसऱ्या दिवशी सुगंधा पोचली, तेव्हा चितेची राखही पावसाने वाहून नेली होती. रडायला समोर काही उरलेच नव्हते. ती कोरडी आली, कोरडी परत गेली, आणि मग माहेरी आली तरी ओटीवर बसून निघून जाऊ लागली.

शुक्रवारी सायंकाळी एका कृशांगी मुलीने मांडवात पाण्याने भरलेल्या काशाच्या सात वाट्या मांडल्या. वर तांब्याच्या तारा टांगल्या. तारेवरून एक थेंब वाटीत पडे, आणि त्या थेंबाचा नाद पेट्यांमधून सहस्रपटीने फुटून साऱ्या माळावर ओघळे. थेंब. शांतता. थेंब. सुगंधाचे हात तव्यावर तसेच राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातून घावन करपले. तिने ते बाजूला काढले नाही. कुठल्यातरी खोल, निर्मनुष्य विहिरीच्या तळाशी आपण उभे आहोत आणि वर, फार वर, आकाशाचे एक इवलेसे वर्तुळ आहे, असे तिला वाटत राहिले.

शनिवारी पहाटे धुके होते. एक वयस्क, शुभ्रकेशी गृहस्थ मांडवात येऊन बसला आणि त्याने जे वाजवले ते कानांना ऐकूच येईना. मांडलेल्या ग्लासांतल्या सरबतावर मात्र वलये उमटू लागली. लालजर्द, वर्तुळाकार, एकामागून एक. सड्याचा कातळ जागोजागी पोकळ आहे, पाय आपटला तर खालून घुमतो. त्या पोकळ्यांत तो अश्राव्य नाद शिरला आणि कातळ गुरगुरू लागला. शेजारच्या सुमन मांडवकरने टोपली उचलली. भुईच्या पोटात कोण कूस बदलतंय, मी नाय थांबायची, असे म्हणत ती खाली निघूनही गेली. सुगंधाने चपला काढल्या. ती अनवाणी उभी राहिली. तळव्यांतून, घोट्यांतून, गुडघ्यांतून ते थरथरणे वर चढत छातीपर्यंत आले आणि तिथे, कशाला तरी अडल्यासारखे, थांबले.

पुढे कुणी विचारले की तिन्ही दिवसांत तुला काय आवडले, तर ती ही दोन सांगे. तिसऱ्याबद्दल आवडले असे तिने कधी म्हटले नाही.

रविवारी, दिवेलागणीच्या सुमारास, शौनक नावाचा तिशीतला तरुण मांडवात आला. सूर्य क्षितिजावर टेकला होता. गवताच्या प्रत्येक पात्याची सावली लांब, अतिलांब झाली होती. शौनकने लॅपटॉप उघडला आणि एक स्वर सोडला. दीर्घ, धूसर, ना स्त्रीचा ना पुरुषाचा. तो स्वर संपेचना. गर्दी डोळे मिटून डोलू लागली. सुगंधा ग्लास विसळत होती. तिच्या मानेवर काटा आला. का आला, ते तिला कळेना.

मग तो स्वर हळूहळू आखडू लागला. धुके निवळून झाड दिसावे तसा त्याला आकार आला. आधी श्वास आला. मग कंप आला. मग गळ्याच्या तळातून चढणारी, शेवटी किंचित फुटणारी एक हाक.

‘हूऽऽ ये गोऽऽ येऽऽ.’

ग्लास तिच्या हातातून निसटला. ती हाक भागीरथीची होती. तिच्या आईची. चाळीस वर्षे सांजवेळी भागीरथी सड्याच्या कडेला उभी राहून हीच हाक घाली आणि तिची गुरे माळभरातून घराकडे वळत. ती गेल्यापासून गुरांना कुणी हाक घातली नव्हती. सुगंधाचा भाऊ यशवंत काठीने हाकून त्यांना आणी, आणि ती अनिच्छेने येत.

हाक पुन्हा आली. शतगुणित, पर्वतप्राय, दोन्ही पेट्यांमधून. आणि दूर, गवताच्या सुवर्णरेषेवर, एक शिंगांची जोडी वर उचलली गेली. मग दुसरी. मग पाच. मग वीस.

गुरे येत होती. धावत नव्हती, हंबरत नव्हती. एका ओळीत, माना पुढे काढून, मावळतीचे तांबडे तेज अंगावर घेऊन, तंबूंच्या दोऱ्या ओलांडत ती येत होती. गर्दी आपोआप दुभंगली. कुणी हसले, कुणी फोन वर धरले, आणि मग हसणारेही मागे सरले. गुरे पेट्यांसमोर जाऊन उभी राहिली. निश्चल. कान पुढे. त्या काळ्या जाळीकडे ती अशी पाहत होती की आता तिथून कुणीतरी बाहेर येणार आहे.

सुगंधा मांडवात कशी पोचली ते तिला आठवत नाही. शौनकच्या मनगटावर तिचा ओला हात होता.

“बंद करा ती. माजी आयस हाय ती.”

त्याने बंद केले. आणि त्या नीरवतेत कुणीच कुठे गेले नाही. गुरे तशीच उभी होती. आता दोन हजार माणसेही त्यांच्यासारखीच त्या रिकाम्या पेट्यांकडे पाहत होती.

यशवंत काठी घेऊन धापा टाकत वर आला आणि त्याने पहिल्या गाईवर ती उगारली. सुगंधाने काठी धरली. मारू नको, म्हणाली. मग ती गर्दीतून मागे चालत गेली, सड्याच्या कडेपर्यंत, जिथून गावाची कौले दिसतात. तिने आयुष्यात कधी गुरांना हाक घातली नव्हती. तुझा गळा बारीक, गुरां हसतील, असे आई म्हणे. तिने हाक घातली. ती वाऱ्यात विरली. दुसऱ्यांदा घातली, तर अर्ध्यात फुटली. तिसऱ्यांदा छातीत इतके दिवस अडलेले जे काही होते ते तटकन तुटले, आणि हाक हुंदक्यासकट बाहेर पडली. सगळ्या माळाने ऐकली.

कान वळले. मग माना. एकेक करून गुरे पाठमोरी झाली आणि तिच्या दिशेने चालू लागली, तिच्या दोन्ही अंगांना घासत उतरणीच्या वाटेला लागली. यशवंत त्यांच्यामागून गेला. तो डोळे पुसत होता.

एक म्हातारी गाय मात्र पेटीसमोरून हलली नाही.

शौनक सुगंधाला शोधत आला. चार वर्षांपूर्वी आवाज गोळा करत तो या सड्यावर फिरला होता, असे त्याने सांगितले. एका आजीने त्याला पाणी दिले होते, तिची हाक त्याने टिपून घेतली होती. नाव विचारायचे राहिले, हे सांगताना त्याची मान खाली गेली. सुगंधाने विचारले, ते जसे होते तसे, यंत्राचे काही न लावता, ऐकता येईल का? त्याने हेडफोन तिच्या कानांवर ठेवले.

वारा. गवताची सळसळ. हाक, साधी, एका माणसाच्या गळ्याएवढी. मग गुरांच्या घंटा जवळ येत गेल्या. आणि मग, यंत्र चालूच आहे हे न कळून, अगदी कानाशी, दमलेला आवाज: “जेवलास काय रे बाबा?”

मग तिने हेडफोन काढून त्याच्या हातात दिले.

हे तुमच्या फोनवर देतो, ताई, म्हणाला तो. आणि हे पुढे कुठे वाजवू की नको, तेही तुम्हीच सांगा.

“वाजवा,” ती म्हणाली. “आयसचं नाव सांगा नि वाजवा. हितं मातर नको. हितं गुरां ऐकतात.”

संधिप्रकाश निळसर झाला. तंबू उतरू लागले. कामगार आले, तारा गुंडाळू लागले, आणि गाईला न दुखावता, तिच्या तोंडासमोरची ती मोठी पेटी चौघांनी उचलून नेली. गाईने एक पाऊल पुढे टाकले. पेटीखाली तीन दिवस दबलेले गवत होते, फिकट, चौकोनी, निजलेले. ते तिने हुंगले. सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हुंगले. मग पुढचे गुडघे मोडून, जड, जीर्ण देह सांभाळत, ती त्याच चौकोनावर बसली आणि रवंथ करू लागली. सुगंधा जवळ येऊन तिच्या पाठीला टेकून बसली. दोघींच्या भोवती काळोख उतरत गेला, गवत काळे झाले, कातळ काळा झाला, आणि त्या काळोखात फक्त रवंथाचा तो संथ, ओला, एकसुरी आवाज येत राहिला.