मागून दिसणारा पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचाही नव्हे, चित्रं दाखवायचा. शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे जो गुंडाळा उभा करून ठेवला आहे, ज्याला तुम्ही लपंडाव खेळताना धडकता आणि वर त्यालाच चापट मारता, तो मी. शेजारच्या वर्गात तुमच्या बाई लॅपटॉपची वायर मोठ्या पडद्याला जोडतात, ते मला इथं ऐकू येतं. चित्र आलं नाही की तुम्ही सगळेच शहाणे होता. वायर काढा, परत घाला, बंद करून चालू करा. मग चित्र येतं, तुम्ही टाळ्या वाजवता आणि तुमच्या लेखी काम झालं. मला मात्र तेव्हा धाकधूक होते. चित्र आलं म्हणजे ते समोरच्याला कळलंच, असं नसतं. मला हे फार वाईट रीतीनं कळलं.

मी जातीचा मांजरपाट. हिंगोलीच्या बाजारात एका दुकानात ताग्यात पडून होतो. माझ्या शेजारच्या ताग्यांच्या पिशव्या झाल्या, बंड्या झाल्या. मला मात्र आरोग्य खात्याच्या गोपाळरावांनी नेलं. शिंप्यानं दोन पन्हे जोडून मला शिवलं, काठाला कड्या ठोकल्या, आणि मी सरकारी नोकरीला लागलो. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता. गोरेगाव म्हणू नका, कुरुंदा म्हणू नका, जीपच्या टपावर बसून मी किती गावांची धूळ खाल्ली, त्याला गणती नाही.

गोपाळराव माणूस हौशी. काचेच्या पट्ट्यांवर ते स्वतःच्या हातानं रंगीत चित्रं काढत. पट्टी पेटीसारख्या यंत्रात घालायची, यंत्राची वायर जीपच्या बॅटरीला जोडायची, की चित्र माझ्या अंगावर उमटायचं. सांगायला सोपं आहे. काच सरळ घातली तर चित्र उलटं पडे. कळस खाली आणि बैलांचे पाय आभाळात. म्हणून ती उलटी घालावी लागे, आणि गोपाळराव घाईत हटकून सरळ घालत. वायर सैल झाली की दिवा डोळे मिचकावू लागे. वारा सुटला की माझं पोट फुगे आणि चित्रातल्या नर्सबाईंना ढेरी सुटे. मग जीपचा ड्रायव्हर हिरासिंग माझ्या खालच्या काठाला दगड बांधायचा आणि मला दम द्यायचा, "आता हालून दाखव." लोक पोट धरून हसत. मलाही ते आवडे. एवढ्या सगळ्या नजरा कापडाच्या नशिबी कुठून येणार?

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात आम्ही कनेरगाव नाक्यावरून आत एका वाडीला गेलो. तिचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. वाडीच्या मधून ओढा जायचा, आणि उन्हाळ्यात त्यात वाळूशिवाय काही नसे. एका काठावर गाव, मारुतीचं देऊळ आणि देवळामागची विहीर. दुसऱ्या काठावर बौद्धांची वस्ती आणि वस्तीची आपली विहीर. आसपास हगवणीची साथ पसरत चालली होती. जंतू मारायची पांढरी पूड आली ती एकाच विहिरीला पुरेल एवढी. ती मारुतीच्या विहिरीत टाकली, आणि साथ सरेपर्यंत दोन्ही काठांच्या माणसांनी तिचंच पाणी प्यायचं असं गोपाळरावांनी ठरवलं. वस्तीला ते चित्रातूनच सांगायचं होतं. सरपंच माणिकरावांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि मनात असणं यात अंतर असतं, पण ते गोपाळरावांना तेव्हा दिसलं नाही.

दिवस मावळताना वाळूत बांबू रोवून मला ओढ्याच्या मधोमध ताणलं. जीप आणि यंत्र गावाच्या बाजूला. गाव माझ्या पुढं बसलं. वस्तीतली माणसं त्यांच्या काठावरून उतरली आणि माझ्या मागं बसली. त्यांना कुणी तिकडं बसा म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. मी एकपदरी, उजेड माझ्यातून आरपार जाई आणि मागूनही चित्र दिसे, जरा फिकं. मागून बी दिसतंय की, असं म्हणून गावोगावी हे कधीच ठरून गेलेलं होतं.

मागं अगदी माझ्याजवळ पंचफुला बसली होती. तिच्या मांडीवर तिची सुधा, नुकतं कुठं बोलायला लागलेलं लेकरू, चित्रातला रंग पकडायला हात पुढं करत होतं. पंचफुला वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गाला जायची. तिला अक्षरांचा नवा नवा नाद लागला होता.

गोपाळरावांनी काच घातली. चित्रात मध्ये आडवा ओढा. त्याच्या अलीकडे, म्हणजे खाली, हिरव्या रंगाची विहीर. पलीकडे, म्हणजे वर, दुसरी विहीर आणि तिच्यावर लाल फुली. माथ्यावर ठसठशीत अक्षरं होती, 'मारुतीच्या विहिरीचे पाणी प्या'. आणि गोपाळराव पुढं उभे राहून खड्या आवाजात म्हणाले, "अलीकडच्या विहिरीत औषध टाकलेलं आहे. सगळ्यांनी अलीकडचंच पाणी प्यायचं. पलीकडच्या विहिरीला तोंड लावायचं नाही."

मित्रांनो, आता तुम्हीच सांगा, मागं बसलेल्या पंचफुलेची अलीकडची विहीर कोणती?

चित्रातही तिला जवळची विहीर हिरवीच दिसली. मागून पाहिलं तर डाव्याचं उजवं होतं, पण जवळचं लांब होत नाही. राहिली अक्षरं. तीच एक खरं सांगत होती, पण ती मागून उलटी दिसत होती. पंचफुलेनं ओठ हलवले, थांबली, पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या रुक्माबाईनं विचारलं, "काय लिवलंय गं?"

"मला अजून बराबर वाचता येत न्हाई, मावशी," पंचफुला म्हणाली, आणि शरमून तिनं मान खाली घातली.

तिचं काही चुकलं नव्हतं. अक्षरंच उलटी होती. दोन्ही बाजूंनी दिसणारं चित्र एकट्या मला ठाऊक होतं, कारण ते माझ्याच अंगावर होतं. पण कापडाला तोंड कुठलं?

चित्र संपलं, टाळ्या झाल्या, मला गुंडाळलं. त्या दिवशी वायर सैल झाली नाही, दिवा मिचकला नाही, काच पहिल्या फटक्यात बरोबर बसली. गोपाळराव परतताना खुशीत शीळ घालत होते.

पुढच्याच आठवड्यात निरोप आला, वाडीत हगवण. जीप आधी माणिकरावांच्या दारात थांबली. गावात सगळं ठीक होतं. गोपाळरावांनी विचारलं, "वस्तीतली माणसं मारुतीच्या विहिरीवर येतात ना?"

"एक बी आलं न्हाई," माणिकराव म्हणाले. "आमी म्हणलं, सुंठीवाचून खोकला गेला."

"अहो, पण का येत नाहीत, ते विचारायचं तरी."

"काहून विचारावं, साहेब? आले असते तर गावात तकलीफच झाली असती."

जीप ओढा ओलांडून वस्तीत गेली. घरोघर माणसं आडवी झाली होती. पंचफुलेच्या अंगणात सुधा बाजेवर पडली होती, डोळे खोल गेलेले, रडायचंही त्राण नव्हतं. तिचा बाप मुंजाजी उशाशी बसून ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसत होता. गोपाळरावांचा जीव कळवळला, आणि कळवळ्यातून राग उसळला. "चित्र काढून दाखवलं, तोंडानं सांगितलं, अलीकडचंच पाणी प्या म्हणून. तरी तुम्ही लोक ऐकत नाही."

"अलीकडचंच पेलो, साहेब," पंचफुला म्हणाली आणि तिनं अंगणापलीकडच्या आपल्या विहिरीकडं हात केला. "ही काय अलीकडची."

गोपाळरावांनी मागं वळून पाहिलं. ते वस्तीच्या काठावर उभे होते. मारुतीचं देऊळ ओढ्याच्या पलीकडं होतं.

"पण वर नाव लिहिलं होतं. मारुतीची विहीर म्हणून, एवढ्या मोठ्या अक्षरात."

"तसं लिवलं व्हतं?" पंचफुला म्हणाली. "आमी मागं व्हतो. मागून ती अक्षरं लागंनात. मला वाटलं, माझंच वाचणं कच्चं हाय."

हिरासिंगनं जीप सुरू केली आणि म्हणाला, "साहेब, बोलणं मागून. लेकराला दवाखान्यात घेऊन चला." जीपच्या बाकावर अंथरायला दुसरं काही नव्हतं. मला उलगडून घडी घातली आणि सुधाला माझ्यावर निजवलं. माझ्यावर आजवर नुसती चित्रं पडली होती. त्यांना वजन नसतं. हिचंही फारसं नव्हतं. रस्ता खडबडीत होता. पंचफुला तिला एकसारखी नावानं हाक मारत होती. नाका यायच्या आत सुधा गेली.

जीप परत फिरली. मुंजाजीनं लेकीला उचलून घरात नेलं. मी भिजलो होतो, मळलो होतो. पंचफुलेनं मला बाकावरून काढलं, घडी घातली आणि गोपाळरावांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "बाई, मी काय करू, सांगा."

"मागून दिसायचं बंद करा, साहेब," ती म्हणाली. "मागून दिसतंय म्हणून तर आमाला मागं बसवतेत."

दोन दिवसांत पुडीची पोती आली आणि वस्तीच्या विहिरीतही औषध पडलं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय म्हणायचं. हिरासिंगनं मला पाण्यात बडवून बडवून धुतलं. गोपाळरावांनी मला शिंप्याकडं नेलं आणि माझ्या पाठीला जाड काळं अस्तर शिवून घेतलं. खात्यातल्या वरच्या साहेबांनी विचारलं, हे ओझं कशाला? गोपाळराव म्हणाले, चित्र स्वच्छ दिसतं. ते खरंही होतं, पण खरं कारण त्यांना बोलून दाखवता आलं नाही.

साथ सरल्यावर आम्ही त्याच वाडीला पुन्हा गेलो. पुन्हा वाळूत बांबू रोवले. गाव पुढं बसलं. वस्तीतली माणसं सवयीनं माझ्या मागं आली. चित्र सुरू झालं, आणि त्यांना नुसतं काळं दिसलं. माणसं घुटमळली. काही जण घराकडं वळले. मग पंचफुला उठली, माझ्या बांबूला वळसा घालून पुढं आली, आणि पहिल्या रांगेत जागा होती तिथं जाऊन उभी राहिली.

माणिकराव हळूच म्हणाले, "पंचफुले, तुमची जागा तिकडं मागं हाय ना?"

"मागं आता काही दिसत न्हाई, सरपंच," ती म्हणाली, आणि खाली बसली. तिच्या शेजारच्या बायका थोड्या सरकल्या. कुणी अंग चोरून सरकलं, कुणी जागा करून द्यायला सरकलं. मला दोन्ही दिसलं. तिच्या मागोमाग वस्ती आली.

पंचफुला त्या दिवशी चित्राकडं बघत होती की नाही, मला सांगता येणार नाही. तिचे हात रिकाम्या मांडीवर होते.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा, धूळ झटका, उंदरांपासून वाचवा. मी तसं म्हणणार नाही. मला पोतेऱ्याला घेतलंत तरी चालेल. पण तुम्ही मोठे व्हाल, कुणाला काही दाखवाल, कुणाला काही सांगाल, तेव्हा आपल्या जागेवरून उठा आणि अगदी मागं बसलेल्या माणसाजवळ जाऊन बसा. त्याला काय दिसतंय, ते त्यालाच विचारा. तो म्हणाला की मला नीट कळत नाही, तर त्याला हसू नका. सुधाच्या आईला कुणी विचारलं असतं, तर सुधा आज चाळिशी ओलांडलेली बाई असती.