भावाच्या डोळ्याची परीक्षा

मी जुळ्यांतला मागे राहिलेला बोलतोय. माझा भाऊ उपग्रहावर बसून वर गेला आणि मी प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात राहिलो. आम्ही शिवणयंत्राएवढे, दोघांनाही एकेकच डोळा, डोळ्यात एक भिंग. ढगांवर पडलेलं ऊन किती परत फिरतं ते मोजायचं, एवढंच आमचं काम. ढग जितके दाट, तितकं जास्त ऊन आल्या पावली माघारी जातं आणि पृथ्वी तेवढी कमी तापते.

आमची भिंगं घासणाऱ्याला सगळे भिंगकाका म्हणत. एकेका भिंगाला त्यांनी पाच महिने दिले. शिंक आली तरी खोलीबाहेर धावायचे. वर कोणी जायचं ते तराजूने ठरवलं. मी चार ग्रॅम जड भरलो. मला पुढच्या उपग्रहावर जागा कबूल झाली.

भावाने बारा वर्षं आकडे पाठवले. पुढेपुढे ते उतरत गेले. परत फिरणारं ऊन हजारात आठ भागांनी घटलं होतं.

"काका, तुमच्या लेकाला मोतीबिंदू झाला," आकडे तपासणारा एक दिवस हसत म्हणाला.

"आधी तुझा चष्मा पूस, मग माझ्या भिंगाला नावं ठेव!"

पण वरच्या उघड्या उन्हात काच काळवंडते, हे काकाही जाणून होते. सगळ्यांनी भिंगावर खापर फोडलं. ती घट खोटी म्हणून पुसून टाकायचं जवळजवळ ठरलं. काकांना ते फार झोंबलं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. ढगांचा अभ्यास करणाऱ्या ताईंकडे ते तरातरा गेले.

"जुळा आहे ना कपाटात! त्याला बारा वर्षांचं ऊन दाखवा. किती काळवंडतो ते कळेल."

"काका, मग तो वर जायच्या लायकीचा राहणार नाही."

काका माझ्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही तर नाही."

हवा काढलेल्या टाकीत, उन्हाहून कितीतरी प्रखर अशा जांभळट दिव्यासमोर मला आठ महिने ठेवलं. मला पापणी नाही. दर सोमवारी एका ठरलेल्या दिव्याकडे बघायला लावायचे आणि मला तो किती उजळ दिसला, ते काका वहीत उतरवायचे.

एका दुपारी चहा पिताना काकांनी सहज विचारलं, "ताई, समजा भिंग निर्दोष निघालं तर?"

"तर ढग खरंच विरळ होताहेत, काका. मग उष्मा आपण धरलाय त्याहून लवकर वाढणार. तुमची नात मोठी होईपर्यंतच दिसेल."

काकांचा चहा तसाच राहिला.

त्यानंतरच्या सोमवारी वही उघडताना ते पुटपुटले, "काळा हो रे बाळा. आणखी थोडा काळा हो." ज्याने पाच महिने माझ्यात एक ओरखडा राहू दिला नव्हता, तोच आता टाकीच्या खिडकीतून भिंगावर उजेड फिरवून डाग शोधत होता.

मी काळवंडलो, पण हजारात एकाच भागाने. बाकीचे सात भाग ढगांचेच होते. मला त्यांच्यासाठी खोटं बोलायचं होतं. पण भिंग फार चांगलं घासलेलं होतं.

आकडे तपासणाऱ्याने मान खाली घातली. "काका, मी हरलो."

"मीही," काका म्हणाले.

त्या दिवशी कोणी पेढा मागितला नाही.

काका निवृत्त झाले. जाताना श्वास रोखून त्यांनी माझी काच पुसली, सवयीने. डब्यावर चिठ्ठी लावली: 'बाद. फेकू नये.' भावाचं इंधन संपत आलंय. येत्या वर्षी तो हवेत शिरेल आणि जळून जाईल. आपलं म्हणणं खरं ठरलं, हे त्याला कधी कळणार नाही.

माणसांनो, आकडा बोचला की तुम्ही आधी डोळ्यात दोष शोधता. शोधा, ते योग्यच आहे. पण आमचे डोळे तपासून झाले. त्यासाठी मी माझं आभाळ दिलंय. आता तरी भाऊ काय सांगत होता, ते ऐका.