सत्यभामाबाईंचं मत

मी एक जुनी दमणी आहे, मित्रांनो. दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी. सुताराने बाभळीच्या लाकडातून मला घडवलं, चाकांवर तापलेली लोखंडी धाव चढवली. धामणगावच्या वाटेवर घुंगरं वाजली, की कापूस वेचणाऱ्या बाया म्हणत, "आली जानरावची नवरी." जानराव माझे मालक.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि राज्य इंग्रजांचं. दिल्लीच्या कायदेमंडळात वऱ्हाडाचाही माणूस जाई. पण कागदावर वऱ्हाड निजामाचा. म्हणून लोकांनी निवडलेल्या माणसालाही सरकारने आपल्या तोंडाने 'नेमला' म्हणावं, असा नियम होता; तेव्हा कुठे त्याला तिथे बसता येई. मत तरी सगळ्यांना कुठे होतं? मोठा सारा भरणाऱ्यांनाच. जानरावांना नव्हतं. त्यांच्या विधवा वहिनीला, सत्यभामाबाईंना होतं. नवऱ्यामागे काळं वावर त्यांच्या नावावर झालं होतं.

मतदानाच्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. वाटेत शेजारगावचे खुशालराव भेटले. "काय गा जानराव, वयनी दिल्लीले माणूस धाडून राह्यली, अन् तू बैलं हाकून राह्यला?"

जानराव हसले नाहीत.

शाळेच्या पडवीत मतदान होतं. मी दाराशीच उभी होते. परमुलखातल्या कारकुनाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

बाई तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर उखाण्यात, आणि विधवेला उखाणाही वर्ज्य. सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या, "ज्याच्या फण्यावर धरती हाय ना बापू, तेच."

"कोडी नकोत बाई. नाव सांगा."

रांग हसली. त्यांनी वळून दिराकडे पाहिलं. शेषराव. एवढंच म्हणायचं होतं. जानराव माझ्या जुवाची दोरी सोडत-बांधत राहिले. कारकुनाने पुढच्याला हाक मारली.

परतीला निघालो. चाक कुरकुरलं, की जानराव खाली उतरून उगीच वंगण बघत. नाल्यापाशी त्यांनी बैल थांबवले.

"वयनी, मले सांगता येत होतं."

"मालूम हाय."

"मंग मले म्हटलं काहून नाई?"

"म्हनाले लागते का, भाऊजी?"

त्यांनी मला माघारी फिरवलं. बैल असे कधी पळवले नव्हते. माझ्या चाकाचा एक आरा तडकला. पोहोचलो तर शाळेला कुलूप. जानराव त्या कुलपासमोर उभे राहिले. "शेषराव," ते मोठ्याने म्हणाले. "माह्या भावाचं नाव शेषराव."

सत्यभामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. फार दिवसांनी ते नाव घरच्या कोणाच्या तोंडून आलं होतं. मग म्हणाल्या, "चला आता. बैलं तहानले असतीन."

आज मी गोठ्यामागे पडून आहे. मला तोंड नव्हतं, म्हणून त्या दिवसातून मी सुटले, असं मात्र कधी वाटलं नाही. मित्रांनो, मला तेलपाणी करा, न करा. पण शेजारच्याची जीभ रीतीने बांधलेली असेल आणि तुमची मोकळी असेल, तर वेळेवर बोला. कुलपाला कान नसतात.