निळ्या दोऱ्याचा आळ

मित्रांनो, मी एक थकलेला मोबाइल आहे. वय विचाराल तर सात वर्षं. तुम्ही म्हणाल, सात म्हणजे काय, अजून दुधाचे दात. पण आमच्यात सातव्या वर्षी नातवंडंसुद्धा जुनी झालेली असतात. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे, पाठीला चिकटपट्टी आहे आणि सकाळी शंभर टक्के दाखवणारी माझी बॅटरी जेवणवेळेच्या आधीच मान टाकते. म्हणून जे सांगायचं ते चार्जिंगची वायर लावलेली आहे तोवर सांगून घेतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालून वावरायची आणि एकमेकांशी फारसं बोलायची नाहीत. एकाने माझ्यात बॅटरी बसवली, एकाने कॅमेरा, एकीने पडदा. माझा पडदा एलसीडी जातीचा. म्हणजे काय, ते आत्ताच सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. माझ्या काचेमागे एक दिवा आहे. माझा पडदा चालू असेपर्यंत तो जळत राहतो. त्याच्यापुढे लाखो बारीक झडपा आहेत. त्या कमी-जास्त उघडून मी रंग दाखवतो. काळा दाखवायचा तर सगळ्या झडपा गच्च लावायच्या. पण कितीही लावल्या तरी फटीतून उजेड झिरपतोच. त्यामुळे माझा काळा कधीच पुरता काळा नसतो, वरून राखेचा हात फिरवल्यासारखा दिसतो. नव्या फोनांच्या ओलेड पडद्यामागे दिवाच नसतो. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि काळा दाखवायचा असला की सरळ विझून जातो. त्यांचा काळा खरा काळा. मला त्याचा हेवा नाही. दिवसभर जळण्यापेक्षा मधूनमधून विझता आलं असतं, तर मलाही बरं वाटलं असतं.

मला विकत घेतलं ते रफूमावशीने. तिचं दुकान म्हणजे एका लाँड्रीशेजारी, जिन्याखालची जागा. एक खुर्ची, एक उंच दिवा, भिंतीला टांगलेले कपडे आणि दोऱ्यांची एक लांब पेटी. कुणाचा कोट खिळ्याला अडकून फाटलेला, कुणाच्या लोकरीच्या शालीला कसर लागलेली. मावशी त्याच कपड्याच्या शिवणीतून, आत दाबून ठेवलेल्या जादा कापडातून दोरा ओढून काढायची आणि भोकावर एक वर, एक खाली असा विणत जायची. काम झालं की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “शोधा बघू कुठे होतं.” आणि ते सापडायचं नाही.

त्या कामात मी तिचा उजवा हात होतो. ती माझ्या कॅमेऱ्याने वीण मोठी करून पाहायची, फाटलेल्या कपड्यांचे फोटो मागवायची. रविवारी लेकीशी तासभर बोलायची. लेक दुसऱ्या शहरात खोटे दात बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. शेजारच्या दातांशी नव्या दाताचा रंग जुळवायचं काम ती करते. मावशी अभिमानाने सांगायची, “नजर माझी घेतलीय पोरीने.” माझंही कौतुक व्हायचं. लाँड्रीवाल्याने एकदा मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, तर मावशी म्हणाली, “जपून हो, माझे डोळे आहेत ते.”

पहिली चार-पाच वर्षं अशी गेली. मग मावशीचं बोट एका जागी वारंवार जायला लागलं. पडद्याचा उजेड कमी-जास्त करायची जी पट्टी असते, तिथे. आधी अर्ध्यावर असायचा, मग पाऊण, मग कायमचा पूर्ण. पाठोपाठ अक्षरं मोठी झाली, आणखी मोठी झाली. एका ओळीत तीनच शब्द मावायला लागले. माझ्यामागचा दिवा सकाळपासून पूर्ण जोराने जळायचा आणि बॅटरी त्यातच झिजली. मावशी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, “हल्ली हा अंधूक दाखवतो.” मी अंधूक दाखवत नव्हतो. मला सगळं कळत होतं. पण आम्हा फोनांचं दुखणं असं की आम्हाला बोलता येतं ते फक्त दुसऱ्याचं.

मी अगदी धुतल्या तांदळासारखा होतो असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या खालच्या कडेला एक पिवळा डाग पडला होता आणि कधीकधी मी मध्येच बंद पडायचो. त्यामुळे मला दोष द्यायला निमित्त आयतं होतं.

एके दिवशी शाळेत गाणं शिकवणारे मास्तर एक काळा कोट घेऊन आले. कोट त्यांच्या वडिलांचा. वडील तो घालून वाद्यवृंदात वाजवायचे. मास्तर शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला तोच घालायचे, वर्षातून एकदाच. उजव्या बाहीवर, कोपराच्या वर कसरीने भोक पाडलं होतं. कोट पूर्वी एकदा उसवून सैल केलेला, त्यामुळे शिवणीत जादा कापड उरलं नव्हतं. मावशीने पेटीतून दोरा काढला, बाहीवर ठेवला, माझ्यावर फोटो मोठा करून पाहिला आणि कामाला लागली. दोन दिवस खपून तिने ते भोक बुजवलं. वीण इतकी सुंदर उतरली होती की काय सांगू. फक्त दोरा गडद निळा होता.

काम झाल्यावर तिने फोटो काढला, तेव्हा माझ्या पडद्यावर तो निळाच दिसत होता. राखाडी काळ्या बाहीवर नखाएवढा निळा चौकोन. मी तो तिच्या नाकासमोर धरून होतो.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी मास्तर परत आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि मग हळूच म्हणाले, “मावशी, मी भांडायला नाही आलो. पण सांगितलं पाहिजे असं वाटलं. स्टेजवर मोठे दिवे होते. पुढच्या रांगेतली मुलं म्हणाली, सर, तुमच्या बाहीवर निळं ठिगळ आहे.”

मावशीने कोट हातात घेतला. दिव्याखाली धरला, दारात जाऊन उजेडात धरला. मग मला उचलून म्हणाली, “हा मेला फोन रंग खातो. याच्यावर काळाच दिसला होता मला.”

“असेल तसं,” मास्तर म्हणाले. “असू दे आता.” तिने द्यायला काढलेले पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि कोट घेऊन गेले. ते ओरडले असते तर मावशीला सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून मी बदनाम झालो. काळा किंवा निळा कपडा आला की मावशी सांगायची, “सध्या गडद कपडे घेत नाही, फोन बिघडलाय.” गिऱ्हाईक गोंधळून परत जायचं. भिंतीवरचे कपडे कमी होत गेले. शेवटी लाँड्रीवाल्यालाही राहवलं नाही. “मावशी, फोन बिघडला म्हणून सुई थांबते होय?” त्याने थट्टेत विचारलं होतं. मावशी हसली नाही. तिने मला पालथं ठेवलं आणि नुसती बसून राहिली. ती दमलेली दिसत होती, आणि मीही दमलो होतो. दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर वागवण्याने जे दमायला होतं, ते कितीही चार्ज केलं तरी भरून येत नाही.

सुट्टीत लेक आली. आईने फोनचं गाऱ्हाणं सांगताच ती म्हणाली, “मग नवा घेऊया की.” दोन दिवस घरात तोच विषय. लेक वाचून दाखवायची, एलसीडी असा, ओलेड तसा, हा स्वस्त आणि उन्हात बरा, तो काळा छान दाखवतो. एकदा वाटायचं घ्यावा, एकदा वाटायचं याचीच बॅटरी बदलावी. मावशीचं उत्तर एकच, “काळा आणि निळा वेगळा दाखवणारा हवा. बाकी मला काय करायचंय?” हे सगळं माझ्याच पडद्यावर वाचलं जात होतं, हे आणखी एक. आपली बदली आपणच वाचून दाखवायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने दोन नवे फोन शेजारी मांडले, एक माझ्या जातीचा आणि एक महागातला ओलेड. फुलं, समुद्र, पोपट असले फोटो दाखवायला लागली. लेकीने तिला थांबवलं. “हे नको. आमचा फोटो टाकून दाखवा.” आणि तिने माझ्यातला एक फोटो त्या दोघांवर पाठवला. दोऱ्याची चार रिळं ओळीने ठेवलेली, काळं, गडद निळं, गडद हिरवं आणि तपकिरी. फोटो लेकीनेच आदल्या सकाळी काढला होता.

ओलेडवर तो उमटला तेव्हा मीसुद्धा पाहत राहिलो. काळं रीळ विहिरीसारखं खोल, आणि शेजारचं निळं इतकं निळं की आंधळ्यालाही दिसावं.

“बघ आई,” लेक म्हणाली. “आता किती वेगळे दिसतात.”

मावशीने फोन जवळ घेतला, लांब धरला, मान तिरकी केली. उजेड पूर्ण वाढवला. “हे तपकिरी,” ती म्हणाली. “बाकी तिन्ही काळी.”

लेकीने तिच्या हातून फोन घेतला आणि निळ्या रिळावर बोट ठेवलं. “आई, हे कोणतं?”

“काळं. सांगितलं ना. हाही तसलाच निघाला.”

काउंटरवरच्या मुलीने दोन्ही फोन मागे घेतले. तिला विक्री हवी होती, तिचं कामच ते. तरी ती म्हणाली, “मावशी, आज घेऊ नका. मी घरच्यासारखं सांगते, आधी डोळे दाखवून या. फोन कुठे पळून जात नाहीत.”

बाहेर पडल्यावर मावशी दुकानाच्या पायरीवरच बसली. मी तिच्या मुठीत होतो. लेक चिडली होती, बहुतेक स्वतःवरच. दिवसभर लोकांच्या दातांचे रंग पारखणाऱ्या तिला आईचे डोळे दिसले नव्हते. “कधीपासून आई?” तिने विचारलं.

“झालं असेल वर्ष, दीड वर्ष.”

“तुला माहीत होतं?”

मावशीने मला हातात फिरवलं. “कळत होतं गं. दिव्याभोवती कडी दिसतात, निळं कुठे दिसतच नाही. पण फोनला नावं ठेवली की बरं वाटायचं. फोन बदलता येतो. मला हे काम शिकवलं त्या आत्याचे डोळे गेले आणि दहा वर्षं ती खिडकीपाशी नुसती हात चोळत बसली होती. मला वाटलं, डॉक्टरने तेच सांगितलं तर?”

लेक तिच्याशेजारी पायरीवर बसली. माणसं बाजूने ये-जा करत होती. मग ती म्हणाली, “आणि नुसता मोतीबिंदू निघाला तर?”

तो मोतीबिंदूच होता. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस सुई कशी ओवत होतात याचंच आश्चर्य आहे. महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्या काळात मी बराचसा बंदच होतो. मला विश्रांतीची सवय नव्हती, पण ती गोड लागली.

दुसऱ्या डोळ्यावरचीही पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी मावशीने मला चालू केलं. तिने डोळे मिचकावले आणि उजेडाची पट्टी स्वतःहून खाली ओढली. “अगंबाई, काय हा लख्ख.” माझ्या खालच्या कडेचा डाग तिला पहिल्यांदाच नीट पिवळा दिसला. मग ती फोटो मागे मागे सरकवत त्या कोटापाशी आली आणि थांबली. काळी बाही, त्यावर तो नखाएवढा चौकोन.

तिने लेकीला हाक मारली. “इकडे ये. हे बघ. निळा आहे.”

“मग?”

“मग काय मग? यात निळाच आहे. याने बरोबर दाखवला होता.” तिने माझ्या काचेवरून अंगठा फिरवला. “उगाच बोल लावला याला.”

सात वर्षांत माझ्याबद्दल बोललेलं मला सगळं आठवतं असं नाही. हे आठवतं.

पण मित्रांनो, माझा न्याय झाला तरी माझी नोकरी गेली. माझी बॅटरी खरंच संपली होती. मावशी आपली रिळं घेऊन पुन्हा त्या दुकानात गेली. तिला ओलेड आधी भडक वाटला. “कापड असं नटलेलं नसतं,” ती म्हणाली. मग त्या मुलीने रंगांची सेटिंग भडकवरून साध्यावर नेली, मावशीने रीळ पडद्याला लावून पाहिलं आणि मान डोलावली. तो फोन घरी आला. तो चांगला आहे. माझ्याशी कधी उर्मटपणे वागला नाही.

त्याच आठवड्यात मावशी स्वतः मास्तरांच्या घरी गेली आणि कोट मागून आणला. आपलीच सुंदर वीण तिने एकेक दोरा ओढून उसवली, त्याला अख्खी सकाळ लागली. मग दारातल्या उजेडात बसून काळ्या दोऱ्याने पुन्हा विणली. मास्तर न्यायला आले तेव्हा ती “शोधा बघू” म्हणाली नाही. कोट नुसता पुढे केला. मास्तरांनी बाही उलटसुलट करून पाहिली, हसले आणि तिथेच कोट अंगात चढवून घरी गेले.

मी आता खणात असतो. मधूनमधून मावशी जुना फोटो पाहायला मला वायर लावते. पुढच्या महिन्यात लेक मला जुनी यंत्रं सुटी करून धातू परत काढणाऱ्यांकडे देणार आहे. मला ते चालेल. खणात पडून बॅटरी फुगण्यापेक्षा ते बरं. तुमच्या घरातही माझे भाऊबंद असेच पडून असतील, त्यांनाही वेळेवर तिकडे पोहोचवा. कचऱ्यात टाकू नका.

आणि एक मागणं आहे. फोन बदलायचा की नाही, पडदा कोणता घ्यायचा, ते तुम्ही ठरवालच. पण घरात कुणी पडद्याचा उजेड सारखा वाढवत असेल, अक्षरं मोठी करत असेल आणि वर फोनलाच बोल लावत असेल, तर दुकानात जाण्याआधी एकदा त्या माणसाच्या समोर बसा. सरळ विचारा. ते आधी नाही म्हणतील. तरी विचारा.